खुर्ची आणि पोरगा

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी शहाण्या माणसानं प्रोडक्शनला हात लावू नये अशा वेळी, शेजारच्या टेबलावरचा सहकारी लॅपटॉप उचलून माझ्याकडे आला. मला वाटलं, झालं, काहीतरी फुटलं. तर तसं काही नव्हतं. त्याचे आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, त्याच्या भावाकडे. तिकिटं काढून झाली होती आणि शेवटच्या पानावर एक चौकोन उरला होता.

"दोघांसाठी व्हीलचेअर टिक करतो ना रे? सगळे करतात म्हणे. सोबत माणूस मिळतो, लाइनही लागत नाही."

काही वर्षांपूर्वी मी "कर की, त्यात काय" म्हणालो असतो. म्हणालो असतो कशाला, मी स्वतः केलंच होतं. पण परवा मी त्याला म्हटलं, "बस जरा. चहा सांगू. मोठी गोष्ट आहे." कॅन्टीनमध्ये जे सांगितलं तेच आता विकांताला निवांत लिहून काढतोय.

आधी थोडा भूगोल. आमचं गाव आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. पुण्यात हे सांगितलं की समोरचा "म्हणजे नागपूरजवळ?" असं विचारतो आणि मी "हो" म्हणतो. वाद कोण घालणार? गोसीखुर्दचं धरण ऐकून माहीत असेल, तोच आमचा तालुका. आमच्या भागाला चौरास म्हणतात. धानाचा पट्टा. पावसाळ्यात रोवणा, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा. सगळं घर या वेळापत्रकावर चालतं. माझ्या बारावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक त्यात कुठंच बसलं नव्हतं, पण ते असो.

आई तेव्हा बासष्टची होती. बासष्ट म्हणजे पुण्यातली बासष्ट नव्हे. रोवण्याच्या दिवसांत सकाळी बांधीत उतरली की संध्याकाळपर्यंत कंबर वाकलेलीच. पवनीला बाजाराला जायचं तर एसटी. एसटीची पहिली पायरी रस्त्यापासून किती उंच असते, हे कधी सामान घेऊन चढला असाल तर माहीत असेल. आई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं दांडा धरून एका झटक्यात वर. मागून मी "सरका, सरका" करत.

अशा या बाईसाठी मी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये व्हीलचेअरचा चौकोन टिक केला.

कारण सांगतो. ताई न्यू जर्सीला असते. जानेवारीत तिचं बाळंतपण होतं. आईला डिसेंबरमध्ये जायचं होतं, आणि एकटीनं, कारण मला रजा मिळेना (रिलीज होती, नेहमीप्रमाणे). आई त्याआधी विमानात बसलेली नव्हती. नागपूरहून एक विमान, मग एका मोठ्या विमानतळावर दुसरं, मग थेट नेवार्क. मराठी आणि कामापुरती हिंदी, इंग्रजी म्हणजे "हॅलो" आणि "थँक्यू". रात्री मला स्वप्नं पडायची की आई कुठल्यातरी सरकत्या जिन्यापाशी उभी आहे आणि तिच्या विमानाचं गेट बदललंय.

आमच्या पिढीच्या सगळ्या पोरांना एक उघड गुपित ठाऊक आहे. व्हीलचेअर मागितली की ती ढकलणारा माणूस येतो. तो माणूस आईला गेट शोधून देतो, सुरक्षा तपासणीतून नेतो, इमिग्रेशनच्या खिडकीपाशी उभा राहतो. पाय धड असोत नसोत, माणूस मिळतो. आपल्या भाषेत याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ सिस्टीममध्ये हवी ती सोय दिसत नाही, म्हणून शेजारच्या सोयीतून वाट काढायची.

आईला फोनवर सांगितलं तर ती उखडलीच.

"मले काय झालं बापा खुर्चीत बसाले? चांगली चालतो मी. लोकं पाहतीन त का म्हणतीन?"

मग मी एक थाप मारली. "आई, नियमच आहे तसा. साठीच्या वरच्यांना खुर्चीतूनच नेतात." यावर ती गप्प बसली. नियम म्हटला की आमची आई वाद घालत नाही. नागपूरला विमानतळाच्या दारात तिला सोडलं. तिथं खुर्ची आली, ती बसली, पदर नीट डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघताच आत गेली. निरोप घेताना आमच्याकडे डोळ्यांत पाणी वगैरे येतं. तिच्या चेहऱ्यावर नुसती लाज होती.

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून फोन आला. पोचली होती, जेवली होती, थंडी फार होती. मग तिनं मधल्या विमानतळावरची गोष्ट सांगितली. ती मी जमेल तशी इथे देतो. विमानतळाचं नाव घेत नाही, विमान कंपनीचंही नाही.

विमान उतरलं. व्हीलचेअरवाल्यांनी शेवटी उतरायचं असतं, पण आईला ते कळलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. ती सगळ्यांबरोबर उठली आणि आपल्या एसटीच्या सवयीनं भराभर बाहेर आली. बाहेर खुर्च्यांची रांग लावलेली. तिच्या नावाचा कागद होता, एका पोरानं तिला पहिल्या खुर्चीत बसवलं. तिच्या मागून आणखी काही जण आले, तेही चालतच, आणि बसले. आईनं मोजलं होतं. (पोती मोजायची सवय.) खुर्च्या नऊ, कागदावर नावं चौदा.

मग ज्यांना खरंच चालता येत नव्हतं ते आले. ते शेवटी आले कारण त्यांना चालता येत नव्हतं.

त्यात एक म्हातारे गृहस्थ होते. एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता, हातात काठी. खुर्च्या संपल्या होत्या. त्यांना सांगितलं, थांबा, पहिली खेप सोडून पोरं परत येतील. ते भिंतीला टेकून उभे राहिले. बसायला तिथं काहीच नव्हतं.

आता तुम्ही प्रोग्रामर असाल तर इथे थांबून ही रांग नीट बघा. खुर्ची कोणाला आधी मिळते? जो आधी पोचतो त्याला. आधी कोण पोचतो? ज्याचे पाय सगळ्यात चांगले. म्हणजे खुर्चीची गरज ज्याला सगळ्यात कमी, त्याचा नंबर पहिला. इतका उलटा लागलेला प्रायॉरिटी क्यू मी कुठल्या फ्रेशरच्या कोडमध्येही पाहिलेला नाही. आणि त्या क्यूमध्ये पहिली नोंद माझ्या आईची होती. ती मी टाकली होती.

आई उठली. "काकाजी, तुम्ही बसा," म्हणाली. खुर्ची ढकलणारा पोरगा गडबडला. म्हणाला, मावशी, तुमचं नाव आहे कागदावर, सही घ्यावी लागते. आईनं त्याला तिच्या हिंदीत सांगितलं की नाव कागदावरच राहू दे, खुर्चीत यांना बसव. पोरगा बिचारा बरा होता. त्यानं त्यांना बसवलं, आई त्यांची पिशवी खांद्याला लावून शेजारून चालत निघाली. दोघांचंही पुढचं विमान तेच होतं. त्या पोरानं दोघांनाही तपासणीतून नेलं, गेटपाशी आणून बसवलं. आईला पाणी आणून दिलं.

"पाय बाबू," आई फोनवर म्हणाली, "मले खुर्ची नव्हती पायजे. मले पोरगा पायजे होता."

ती त्या खुर्ची ढकलणाऱ्या पोराबद्दल बोलत होती. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य मला भलत्याच ठिकाणी जाऊन लागलं. सोबतीला पोरगा हवा होता आणि पोरगा पुण्यात रिलीज करत बसला होता. असो.

त्यानंतर मी या विषयात जरा डोकं घातलं. (इंजिनिअर माणसाला अपराधी वाटलं की तो डॉक्युमेंटेशन वाचतो.) विमान कंपन्यांच्या बुकिंग सिस्टीममध्ये अशा प्रत्येक मदतीला चार अक्षरी कोड असतो. नुसत्या व्हीलचेअरचे तीन. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, पण लांब अंतर चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, विमानातल्या सीटपर्यंत न्यावं लागतं. अंध प्रवाशासाठी वेगळा कोड, कर्णबधिरांसाठी वेगळा. आणि या यादीत एक कोड आहे एमएएएस. याचा अर्थ, प्रवाशाला भेटा आणि मदत करा. खुर्ची नाही. एकटी निघालेली म्हातारी माणसं, भाषा न येणारी, पहिल्यांदा निघालेली, अशांसाठी सोबतीला माणूस.

म्हणजे मला जे हवं होतं त्याचं खातं सिस्टीममध्ये होतंच. फक्त मी ज्या वेबसाइटवर तिकीट काढलं तिच्या चौकोनांमध्ये ते दिसत नव्हतं, आणि मी फोन करून विचारण्याचे कष्ट घेतले नव्हते.

मग आला फेब्रुवारी. १२ फेब्रुवारी २०२४ला मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. नवरा-बायको दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलेली होती. एकच मिळाली. त्यांनी बायकोला बसवलं आणि स्वतः मागून चालत निघाले. एअर इंडियाचं म्हणणं होतं की व्हीलचेअरना त्या वेळी फार मागणी होती, त्यांना थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनी पत्नीबरोबर चालत जाणं पसंत केलं. डीजीसीएनं ते मानलं नाही. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला आणि सगळ्याच कंपन्यांना पुरेशा व्हीलचेअर ठेवायला सांगितलं गेलं.

ही बातमी ताईनं आईला वाचून दाखवली. आई बराच वेळ काही बोलली नाही म्हणे. मग म्हणाली, "माह्यासारखीच कोणी बसली असन त्याच्या खुर्चीत."

ताईनं मला हे सांगितलं तेव्हा मी लगेच कंपनीची बाजू उलटवून लावली. म्हटलं, खुर्च्या पुरवणं त्यांचं काम आहे, आधीपासून नोंदणी होती, आकडा त्यांच्याकडे होता. हे सगळं खरंच आहे. नियम स्पष्ट आहे. ४८ तास आधी कळवलं की टर्मिनलच्या दारापासून विमानातल्या सीटपर्यंत, आणि उतरल्यावर परत बाहेरपर्यंत, मदत करणं कंपनीवर बंधनकारक आहे, तीही वेगळे पैसे न घेता. आणि हे हक्क काही कंपन्यांनी प्रेमानं दिलेले नाहीत. जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या १९ फेब्रुवारी २०१२ला कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसलेल्या असताना स्पाइसजेटनं त्यांना खाली उतरवलं. परिषद हुकली. त्या कोर्टात गेल्या, आणि १२ मे २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं १० लाखांची भरपाई द्यायला लावली. मे २०२२मध्ये रांचीला इंडिगोनं एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, ५ लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी जुलैत नियम आणखी घट्ट झाला. आता दिव्यांग म्हणून कोणाला नुसतं नाकारता येत नाही. तब्येतीची शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरनं तपासून लेखी मत द्यावं लागतं.

तर कंपनीची जबाबदारी कंपनीची. पण मी मनातल्या मनात कंपनीवर कितीही ओरडलो तरी त्या नऊ खुर्च्या आणि चौदा नावं डोळ्यांपुढून जात नव्हती. चौदातलं एक नाव खोटं होतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग कडक तपासणी करा, धडधाकट लोकांना हाकला. मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या एका मित्रानं मला गप्प केलं.

हा माझा शाळेतला मित्र. आमच्या बाजूला, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या पट्ट्यात, सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. याला तो आजार आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात सिकलसेलही आहे, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्रही आहे. पण बघायला जाल तर पस्तिशीतला बारीकसा माणूस, पाठीला लॅपटॉपची बॅग. बंगळुरूला नोकरी. चांगल्या दिवशी तो तुमच्यामाझ्यासारखा चालतो. वाईट दिवशी कंबरेची आणि पायांची हाडं अशी दुखतात की शंभर पावलं म्हणजे शिक्षा. विमानतळावरचं लांब चालणं, दगदग, पाणी कमी पिणं, मग विमानातली विरळ हवा, हे सगळं त्याला भोवतं. म्हणून तो खुर्ची मागतो. आणि दर वेळी काउंटरवर त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं जातं. एकदा एकानं तोंडावर विचारलं, "सर, आप तो ठीक दिखते हो?" दुसऱ्या वेळी रांगेतल्या एका काकांनी आजकालच्या पोरांवर छोटंसं भाषण दिलं.

तो मला म्हणाला, "तुझ्या आईले एकानं तरी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. पांढरे केस, नऊवारी, डोक्यावर पदर. कोण विचारणार? मुद्दा असा की गरज बाहेरून दिसत नाही. ज्याचं हृदय कमजोर आहे तोही दहा पावलं छानच चालतो. काउंटरवरच्या मुलीनं नजरेनं ओळखायचं ठरवलं तर माझी आई पास होईल आणि माझा मित्र नापास. न दिसणाऱ्या आजारांसाठी लंडनच्या गॅटविक विमानतळानं २०१६मध्ये सूर्यफुलाची चित्रं असलेली हिरवी गळपट्टी सुरू केली. ती घातली की कर्मचाऱ्यांना न विचारता कळतं की या माणसाला जरा वेळ आणि मदत लागेल. आता आपल्याकडेही काही विमानतळांवर ती मिळते. मित्राला विचारलं तर म्हणाला, पट्टी चांगली आहे, पण पट्टीपेक्षा खुर्ची शिल्लक असली तर जास्त बरं. बरोबर आहे त्याचं. आणि त्याच्याकडे संशयानं बघायला त्या लोकांना शिकवलं कोणी? आम्हीच. आमच्यासारख्या हजारो पोरांनी, ज्यांनी आपापल्या धडधाकट आया खुर्चीत बसवल्या.

परतीचं तिकीट मे महिन्यातलं होतं. रोवण्याच्या आत घरी पोचायचं होतं ना. आईनं ताईला आधीच बजावून ठेवलं होतं, खुर्ची नाही. तोवर माझी "नियम आहे" ही थापही उघडी पडली होती. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, हे जास्त वाईट.

या वेळी मी फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकलं. पहिल्या मुलीला एमएएएस हा प्रकारच माहीत नव्हता, "सर, व्हीलचेअर टाकू का?" असं तिनं तीनदा विचारलं. दुसरा जुना माणूस निघाला, त्यानं एका मिनिटात नोंद केली. ताईनं एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून दिलं की मी एकटी प्रवास करते आहे, मला इंग्रजी येत नाही, कृपया मला या फ्लाइटचं गेट दाखवा. खाली तेच हिंदीत, खाली माझा नंबर.

फार भारी काही झालं असं सांगणार नाही. नेवार्कला एक बाई आली आणि गेटपर्यंत सोडून गेली. मधल्या विमानतळावर कोणीच आलं नाही. आईनं दहा मिनिटं वाट पाहिली, मग एका पोलिसाला कागद दाखवला, त्यानं बाण दाखवला, आणि ती चालत सुटली. वाटेत तिला अमरावतीकडच्या दोन बाया भेटल्या, त्याही एकट्या आणि तिच्यापेक्षा घाबरलेल्या. त्यांना घेऊन ती गेटवर पोचली. नागपूरला बाहेर आली ती सामानाची गाडी स्वतः ढकलत, आणि मला म्हणाली, "का रे, वारला का एवढा? जेवत नाही का?" (वारणं म्हणजे आमच्याकडे वाळणं. घाबरू नका.)

तर कॅन्टीनमध्ये हे सगळं ऐकून सहकाऱ्याचा चहा थंड झाला. मी त्याला विचारलं, "बाबांचे गुडघे कसे आहेत?" तो म्हणाला, एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळतायत. भाजी आणायला जातात तेव्हा मध्ये दोनदा कट्ट्यावर बसतात. आणि व्हीलचेअरला कोण नाही म्हणतंय? तर बाबाच. "मी काय पांगळा आहे का?" आई तयार आहेत. त्यांना काहीही झालेलं नाही.

हे बघा. ज्याला हवी त्याला लाज वाटते आणि ज्याला नको त्याच्यासाठी आपण परस्पर टिक करतो.

मग आम्ही दोघांनी बसून ते पान नीट भरलं. बाबांसाठी व्हीलचेअर, पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, हा प्रकार. आईंचा चौकोन रिकामा. कंपनीला फोन करून त्यांच्यासाठी सोबतीची नोंद, आणि बाबांच्या खुर्चीबरोबरच त्यांनाही चालत न्या ही विनंती. उतरताना घाई करायची नाही, बाबांनी आपल्या जागी बसून राहायचं, बाहेर खुर्ची आल्याचं कर्मचाऱ्यानं सांगितल्याशिवाय उठायचं नाही, आणि खुर्ची नसेल तर "चालतो थोडं" म्हणायचं नाही. हे शेवटचं त्याला दोनदा सांगितलं.

बाबांना पटवायचं काम त्याचं. त्यानं विचारलं, "काय सांगू? नियम आहे म्हणून सांगू?"

म्हटलं, ते सोडून काहीही सांग.